हलके झालेले स्टिअरिंग

सांगलीतील हळदीचे व्यापारी अण्णा वडिलांच्या काळातील पिकअप अजूनही स्वतःच चालवीत. पेठेतील अरुंद गल्लीत ती वळवताना त्यांचा खांदा भरून येई. तरी गाडी विकण्यास ते राजी नव्हते.

अखेर मुलाने जुना स्टिअरिंग बॉक्स बदलून पॉवर स्टिअरिंग बसविले. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाके वळविण्यास साहाय्य करतो.

"माझे हात थकले, असे वाटले तुला?" अण्णा दुखावले.

"नाही अण्णा, गाडी तुम्हीच चालवत राहावी, म्हणून बसविले."

अण्णा निरुत्तर झाले. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत गाडी सहज वळली. क्षमावाणीच्या दिवशी मुलापुढे त्यांनीच आधी हात जोडले.