विसरलेलें यंत्र आणि जुनी प्रत

विसरभोळ्या माणसापासून जगाला फारसा धोका नसतो. 'आठवत नाहीं' असें सांगून तो मोकळा होतो. खरी भीति, आपण विसरलों हेंच ज्याला ठाऊक नाहीं त्याची. यंत्रांतहि ही जात आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत विहिरीवरील मोटारीची राखण हल्लीं इलेक्ट्रॉनिक पेट्या करितात. पेटींतील चिपेंत रजिस्टर नांवाचे चिमुकले कप्पे असतात. किती अँपिअरपुढें मोटार बंद पाडावयाची, असले आकडे त्यांत भरलेले असतात. कप्पा दरवेळीं वाचण्यांत वेळ जातो, म्हणून आज्ञावली त्या आकड्यांची प्रत स्वतःजवळ ठेविते. येथवर व्यवहार चोख आहे. परंतु वीज क्षणभर गेली कीं चिप सारें विसरते आणि कप्प्यांत कारखान्याचे मूळ आकडे येऊन बसतात. पेटीचा मुख्य संगणक बॅटरीवर जागा असला, तर त्याच्या प्रतींत मात्र जुनेच आकडे! तोच आकडा पुन्हा लिहूं गेलें तर 'हा आहेच' असें समजून आज्ञावली लिहिण्याचें टाळते. आमच्या एका आप्तांची मोटार अशीच ऐन वैशाखांत जळाली. पेटी शेवटपर्यंत सर्व ठीक असल्याचें दाखवीत होती. पंधरा दिवस बागेला पाणी मिळालें नाहीं.

यावरील उपाय जाणत्यांनीं पूर्वींच योजिला आहे. लिनक्स प्रणालींत 2011 सालीं 'रेगमॅप' नांवाची व्यवस्था आली. यंत्र निजलेलें असतां नवे आकडे फक्त प्रतींत लिहावे. यंत्र कोरें झालें कीं प्रतीवर तशी खूण करावी. तें जागें होतांच मूळ आकड्यांहून वेगळे तेवढे पुन्हा कप्प्यांत भरावे. क्षणोक्षणीं बदलणाऱ्या आकड्यांची प्रत ठेवूंच नये. मात्र यंत्र कोरें झाल्याची वार्ता कोणी तरी दिली पाहिजे. कित्येक चिपांत त्यासाठीं एक स्वतंत्र निशाणी असते. ती पाहण्याचें काम आज्ञावली लिहिणाऱ्याचें.

म्हणून पेटी घेणाऱ्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे : दुकानदारासमोर मर्यादा ठरवावी, वीज तोडून पुन्हा जोडावी, आणि पडद्यावरील आकड्यावर न विसंबतां मर्यादेपलीकडे भार देऊन मोटार खरोखर थांबते कीं नाहीं, तें पाहावें.