गेटवे, तुझ्या कानाबद्दल थोडं

गेटवे,

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात तुझं बस्तान आता बऱ्यापैकी बसलंय. घराच्या गच्चीवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर पाइपाला आवळलेला डबा, वर हातभर अँटेना. खाली बागेत सेन्सर. एक मुळाशी मातीतला ओलावा मोजतो, एक हवेतली आर्द्रता, आणि एक पानांच्या गर्दीत बसून पान किती तास ओलं राहिलं एवढंच बघतो. सगळे आपापला आकडा तुझ्या हवाली करतात आणि तू तो मोबाइलपर्यंत पोचवतोस.

हे काम किरकोळ नाही. निफाडचा पारा पेपरात येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. सरकारी महावेध प्रकल्पाचं हवामान केंद्र महसूल मंडळाला एक. पण ओल्या पानांवर येणारा डाऊनी रोग काही मंडळाच्या हद्दी बघून येत नाही. माळावरचा प्लॉट उन्हं आली की कोरडा होतो, तर नाल्याकाठच्या प्लॉटवर दव हटता हटत नाही. गोडी म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत या फरकावरच फवारणी घ्यायची की टाळायची हे ठरतं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. तेव्हापासून निर्यातीचा माल करणारा प्रत्येक जण औषधाचा डबा उघडताना दोनदा विचार करतो.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक सेन्सरमध्ये सिम घाला, गेटवे हवाच कशाला? मग तितके रिचार्ज, तितक्या बॅटऱ्या, आणि बागेच्या खोलगट कोपऱ्यात रेंज नाही ती नाहीच. तुझे लोरा रेडिओवाले सेन्सर 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात दोन शब्द बोलतात आणि झोपी जातात. त्यामुळे लहानशी बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. मांडव पानांनी भरला की तुझी ऐकण्याची ताकद घटते हे खरं, पण अँटेना उंच नेली की बरंच भागतं.

तक्रार वेगळीच आहे. नेट गेलं तर तू आकडे साठवून मागाहून पाठवू शकतोस. पण वीजच गेली आणि तुझी बॅटरी बसली की सेन्सर बोलत राहतात, ऐकायला मात्र कुणी नसतं. ते आकडे बहुतेक वेळा कायमचे गेले. शेतीच्या फीडरला वीज किती तास असते, हे तुला पुण्या-बेंगळुरूत घडवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. शेजारच्या बागेत असंच झालं. ॲपवर ठळक अक्षरात ‘पान कोरडं’ आणि खाली बारीक करड्या अक्षरात कालची संध्याकाळची वेळ. शेजारी सवयीनं पहाटे ओळीत शिरले, तर कोपरापर्यंत बाह्या भिजल्या. तिथला गेटवे बंद पडला याचा राग नाही. यंत्र आहे, बंद पडणारच. शिळा आकडा ताजा म्हणून दाखवला, हे मात्र फार वाईट.

आणि त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की त्याच शिवारात, हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या कंपनीचा गेटवे चालू होता. लोरावॅन या खुल्या पद्धतीत एका सेन्सरचं बोलणं टप्प्यातले सगळेच गेटवे ऐकू शकतात, आणि एकच आकडा दोनदा आला तर सर्व्हर एक टाकून देतो. म्हणजे त्या रात्री तो आकडा शेजारच्या डब्याच्या कानावर पडलाही असेल. पण सेन्सर परक्या कंपनीचा, म्हणून सोडून दिला! एका शिवाराला तीन कंपन्यांचे तीन डबे, तिघांचं तोंड तीन दिशांना. मोहाडीत सह्याद्री फार्म्सच्या रूपानं शेतकऱ्यांनी एवढं मोठं सामाईक पॅकहाउस उभं केलं. त्या मानानं शिवारात सामाईक दोन गेटवे बसवणं म्हणजे किस झाड की पत्ती.

ठिबकचे व्हॉल्व्हही तुझ्यावर सोपवा, असं विक्रेते म्हणतात. सोपवू, पण हाताची चावी काढणार नाही. शिवाय कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलायचा. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं असल्याच न बदललेल्या पासवर्डांवरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

तर ऑक्टोबर छाटणीच्या आत दोन कामं कर. आकडा तासाभरापेक्षा जुना झाला की स्क्रीनवरून तो काढून टाक आणि सरळ ‘माहीत नाही’ असं लिही. आणि शेजारच्या डब्याशी बोलायची परवानगी तुझ्या कंपनीकडून लेखी आण. सोलर प्लेट आणि बॅटरीचा खर्च माझ्याकडे.

तुझा,
एक द्राक्षबागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक