वाढत्या मापाचे बूट

काष्टीचा शनिवारचा बाजार माहीत नाही असा शेतकरी आमच्या भागात सापडायचा नाही. माझी निम्मी हयात त्या बाजारात जनावरं बघण्यात गेली. बैल घेताना लोक आधी दात बघतात. मी आधी खूर बघायचो. दातावरून वय कळतं, पण तो बैल कुठल्या वाटेनं आणि किती चाललाय हे खुरावरून कळतं. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याच बाजारात मी एक बोकड विकला आणि त्या पैशातून नातीला पळायचे बूट आणले. त्या बुटांनी मला जी अक्कल शिकवली, ती इथं लिहितो.

नात तेव्हा नववीत होती. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत ती तीन हजार मीटरला पहिली आली, तीही साध्या कॅनव्हासच्या बुटांवर, ज्याचा एक तळवा शिवलेला होता. सकाळी चारीच्या कडेनं पळायची, मग गोठा, मग शाळा. जिल्ह्याला निवड झाल्यावर तिच्या सरांनी निरोप धाडला, “जमलं तर पोरीला स्पाईक घ्या.” स्पाईक म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, एवढंच मला माहीत होतं. थोरला म्हणाला, “पगार झाल्यावर बघू.” मी म्हणालो, “तोवर जिल्हा होऊन जाईल.” शनिवारी बोकड बाजारात नेला.

सोमवारी एकटाच शहरात गेलो. पोरीची शाळा बुडवायची नव्हती आणि तिला चकितही करायचं होतं. दुकानदारानं तीन जोड काढले. एक लालभडक, टोकाला वर वळलेला, हलका, पुढं आठ खिळे. हातात घेतल्यावरच वाटलं, हा पळणार. तिला पाच नंबर लागायचा, मी सहा मागितला. पोर वाढतीय, पुढच्या सालीही येतील, असा हिशोब.

हा हिशोब माझा एकट्याचा नाही. आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं आणलं जायचं. सदरा गुडघ्यापर्यंत यायचा आणि अंगाला बसेपर्यंत विटलेला असायचा. बहात्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायला जायचे तेव्हा घरात पायताणाची एकच जोडी होती, टायरच्या तळव्याची. मीही शाळेत पळायचो, अनवाणी. बाभळीचा काटा मोडला तर आई बिब्ब्याचा चटका द्यायची. दहावीनंतर शाळा सुटली, पळणंही सुटलं. त्यामुळं नातीला बूट देताना मला जरा जास्तच भरून आलं होतं. तिनं बूट छातीशी धरले आणि म्हणाली, “आप्पा, बोकड विकला का?” मी म्हणालो, “तुला काय करायचंय? तू पळ.”

चिखलानं खराब होतील म्हणून जिल्ह्याच्या दिवसापर्यंत मी ते घालू दिले नाहीत. डब्यातच ठेवले.

तीन हजार मीटर म्हणजे चारशेच्या मैदानाला साडेसात फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्या पोरगी पुढच्या चौघींत होती. चौथीत तिची टाच बुटातून उचलायला लागली. पाचवीत ती पाय जपून टाकायला लागली. मी कठड्याला धरून ओरडत होतो, “वढ! वढ!” ती नववी आली. मी म्हणालो, “दम कमी पडला.” ती काही बोलली नाही. मान खाली घालून बूट पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी हिनं धुणं काढलं तेव्हा मोजे रक्तानं कडक झालेले निघाले. दोन्ही टाचांचं कातडं सोललेलं होतं. डाव्या पायाच्या टाचेमागची शीर इतकी दुखत होती की तीन आठवडे पोर पायरी उतरताना भिंत धरायची. मी विचारलं, “बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “तुम्ही बोकड विकला होता ना.”

ते ऐकून मी गोठ्यात जाऊन बसलो.

खरं सांगायचं तर हे मला कळायला हवं होतं. मी जन्मभर बैलांना पत्र्या मारून घेतल्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. उसाच्या गाडीचा बैल डांबरी रस्त्यानं कारखान्यावर जातो, त्याला पत्री नसेल तर आठवड्यात खूर झिजतो. नुसता औताचा बैल असेल तर पत्रीवाचूनही चालतं. नालबंद आधी खूर तासतो, पत्री लावून बघतो, मोठी असली तर कापतो. चूक कच्च्या भागात गेली तर बैल लंगडतो. पुढच्या सालीही बसावी म्हणून मोठी पत्री मार, असं मी कुठल्या नालबंदाला कधी सांगितलं नाही. बैलाला जे कळत होतं ते नातीच्या वेळेला विसरलो.

दौंडच्या बाजूला एक निवृत्त फौजी पोरांना भरतीची तयारी करून घेतात. त्यांच्याकडं बूट घेऊन गेलो. त्यांनी बूट दोन्ही हातांत धरून वाकवायला बघितला.

“आप्पा, वाकतोय का?”

“न्हाई वाकत.”

“हे शंभर मीटरचे बूट हायेत. बूट वाईट न्हाई. काम येगळं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. शंभर-दोनशेवाला सगळा वेळ चवड्यावर पळतो. त्याला फळीसारखा ताठ तळ लागतो, खिळे जास्त लागतात, टाचेखाली काही नसलं तरी चालतं, कारण त्याचं काम काही सेकंदांत संपतं. लांब पळणाऱ्याची टाच थकल्यावर खाली येतेच. त्याच्या बुटाला टाचेखाली थोडी गादी लागते, मधून तळ वाकावा लागतो, खिळे चार ते सहा पुरतात. ताठ बुटात साडेसात फेऱ्या मारल्या की सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. नातीला झालं ते हेच.

क्रॉस कंट्री म्हणजे माळ, शेत, चढ, चिखल यातून पळायची शर्यत. तिचा बूट आणखी वेगळा. खिळ्यांच्या मध्ये रबराचे दात असतात, वरचं कापड जाड असतं, म्हणजे खडा-काटा आत येत नाही. खिळे आट्यांचे असतात, चावीनं काढून बदलता येतात. कृत्रिम ट्रॅकवर लांब पळण्यासाठी ९ मिलिमीटरच्या वर खिळा चालत नाही, काही मैदानांवर त्याहून आखूडच लावू देतात. चिखलात १२ किंवा १५ चा लावतात. एका बुटाला अकराच्या वर खिळे नसावेत असाही नियम आहे.

फौजींनी अविनाश साबळेचं नाव काढलं. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा. शेतमजुरी, वीटभट्टी करणाऱ्या घरातला. सैन्यात गेल्यावर आधी क्रॉस कंट्री पळाला, मग तीन हजार मीटर स्टीपलचेस, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. “तिथं बुटात शिरलेलं पाणी लगेच निथळलं पाहिजे, म्हणून त्याला येगळाच बूट,” फौजी म्हणाले. नातीला मात्र ललिता बाबर जवळची. माण तालुक्यातल्या मोहीची, दुष्काळी गावची, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आलेली. तिचा पेपरातला फोटो नातीनं दप्तराच्या कप्प्यात ठेवलाय.

मी विचारलं, “मग आमच्या वेळंसारखं अनवाणी काय वाईट?” तर त्यांनी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाची गोष्ट सांगितली. १९६० ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याला मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून तो मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि जिंकला. चार वर्षांनी टोकियोला बूट घालून पळाला, तरी जिंकला. “न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरं,” फौजी म्हणाले, “पण बसणारा बूट मिळाला तर तो घालावा.”

दुसऱ्या खेपेला नातीला बरोबर घेऊन गेलो. या वेळी पैसे दुधाच्या पगारातून बाजूला काढले होते. मुद्दाम दुपारनंतर गेलो, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, सकाळचं माप फसवतं. पळताना घालते तेच मोजे बरोबर नेले. तिनं दोन्ही पायांत बूट घातले, उभी राहिली, दुकानासमोर पळून आली. अंगठा टोकाला टेकत नव्हता आणि टाच उचलत नव्हती. नेहमीच्या बुटापेक्षा हा जरा आवळ बसावा लागतो, पण चावायला नको. अनवाणी वाढलेल्या पोरांचा पंजा पसरट असतो, त्यामुळं दोन जोड लांबीला बसले पण करंगळीशी दाबायला लागले. तिसरा बसला. रंग करडा, दिसायला अगदीच साधा. माझी नजर पुन्हा लाल जोडाकडं गेली होती, खोटं कशाला बोलू?

दुकानातून निघताना चावी, ६ आणि ९ मिलिमीटरचे खिळे आणि चिखलासाठी १२ चे थोडे मागून घेतले. या वेळी डब्यात ठेवले नाहीत. पहिल्या आठवड्यात तिनं ते घालून नुसतं चालणं आणि सावकाश पळणं केलं, मग आठवड्यातून एकदाच वेगाचा सराव. रोजच्या पळण्याला साधेच बूट. पळून आल्यावर खिळे ढिले करायचे, माती काढायची आणि आट्याला किंचित ग्रीस लावायचं, हे काम मी माझ्याकडं घेतलं. नांगराच्या फाळाचे नट गंजून बसले की काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या हंगामात क्रॉस कंट्री होती, दोन किलोमीटरची. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं सगळी वाट चालून आलो. सुरुवातीला कडक मुरूम, पुढं नांगरट, त्यात एका कडेनं पाणी मुरलेलं. मी ढेकूळ उचलून मुठीत दाबलं, वाफसा बघतो तसं. म्हणालो, “ओल हाय, बाराचे लाव.” तिनं टाचेनं जमीन उकरली आणि म्हणाली, “आप्पा, निम्मी वाट मुरूम आहे, तिथं बारा टोचतील. आणि ही काळी माती लांब खिळ्यांत धरून बसते. नऊ लावते.” तोंडात शब्द आले होते, गिळले. पाय तिचे होते.

तिनं नऊचे लावले. नांगरटीत दोन पोरी घसरल्या, ही घसरली नाही. पाचवी आली. पदक नव्हतं. पण पळून झाल्यावर ती मांडी घालून बसली, बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही टाचा माझ्याकडं करून दाखवल्या. कोरड्या, धड.

“दम कमी पडला,” ती म्हणाली, “या वेळेला खरंच दमच कमी पडला.” आणि हसली.

लाल जोड वर्षभर फडताळात होता. तिच्या शाळेत शंभर मीटर पळणारा एक पोरगा आहे, ऊसतोड्याचा. त्याला सहा नंबर लागतो. परवा त्याला बोलावून अंगणात घालून बघायला लावलं. मी खाली बसून अंगठ्यापाशी दाबून बघितलं, टाच ओढून बघितली. मग विचारलं, “कुठं चावतंय का? खरं सांग.”

तो म्हणाला, “न्हाई आप्पा, बरोबर बसतोय.” तरी मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा पळायला लावलं आणि मगच जोड त्याच्या हातात दिला.