उभी रेघ

आषाढी जवळ आली की माझ्या धाकट्या नातवाची कॅमेऱ्याची पिशवी दाराशी येऊन बसते. पूर्वी याच दिवसांत तिथे माझी वीणा असे. गुडघ्यांनी वारी सोडवली, गळ्याने कीर्तन सोडवले. आता तो वारीतून फोटो आणतो आणि मी ते चष्मा पुसून पाहतो.

खरे सांगायचे तर फोटोवाल्यांवर माझा राग असे. कीर्तन रंगात यावे आणि कोणीतरी पुढे येऊन डोळ्यांवर उजेड मारावा! एकदा चरण अर्धवट सोडून मी एका पोराला भर कीर्तनात बोललो, "देव पाहायचा सोडून डबी काय पाहतोस?" श्रोते हसले. पोरगा मान खाली घालून निघून गेला. त्याला बोललो ते बरे केले नाही, हे कळायला मला फार वर्षे लागली.

नातू म्हणाला, "आबा, फोटोत कोण आहे ते नंतर बघा. आधी रेघा बघा." मग त्याने एकेक फोटो पुढे ठेवला. पहाटेचे चंद्रभागेचे वाळवंट. वाळू, पाणी, पलीकडचा काठ, सगळ्या आडव्या रेघा. पाहताच मन निवले. दुसरा वेळापूरच्या धाव्याचा. पताकांच्या काठ्या, धावणारी अंगे, सगळे पुढे कललेले, तिरपे. माझा बसल्या जागी श्वास वाढला. तिसरा उभ्या रिंगणाचा. वारकऱ्यांच्या दोन ओळी दूर जाता जाता एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात आणि त्या टोकातून माउलींचा अश्व येतो. अश्व पोहोचायच्या आधी आपली नजरच त्या ओळींमधून धावून येते. गोल रिंगणाचा फोटो उंचावरून घेतलेला. त्यात नजर फिरत राहते, चौकटीबाहेर जातच नाही.

मला हे नवे वाटले नाही. तोच चरण संथ चालीत म्हटला तर श्रोता आत वळतो, द्रुत चालीत म्हटला तर उठून नाचतो. शब्द कळण्याआधी चाल कानाला भाव सांगते. तशी चेहरे ओळखू येण्याआधी रेघ डोळ्याला भाव सांगते.

अर्थात चालीचा जसा गैरवापर होतो, तसा रेघेचाही होतो. एका फोटोत त्याने कॅमेरा मुद्दाम वाकडा धरून नुसती उभी असलेली दिंडी धावती केली होती. मी म्हटले, "बाळा, रंग भरत नाही म्हणून बुवाने उगाच आवाज चढवावा, तसे झाले हे." तो हसला आणि तो फोटो त्याने बाजूला ठेवला.

मग त्याने भिंतीवरचा फोटो उतरवला. पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो, तिथला. वरच्या वळणावरून कोणीतरी काढलेला. एका टाळकऱ्याने मला आणून दिला, त्याला एकोणीस वर्षे झाली. फोटोत मी गळ्यात वीणा घेऊन चालतो आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो 'माझा फोटो' म्हणून दाखवीत आलो.

नातू म्हणाला, "आबा, हा फोटो तुमचा नाही. आजीचा आहे."

मी म्हटले, "ती तर मागे आहे, लहानशी."

त्याने पेन्सिलचे मागचे टोक काचेवर फिरवले. घाटाचा कठडा खालून वळत येतो तो तिच्यापाशी. माझ्या वीणेचा दांडा तिरपा, त्याचे एक टोक तिच्याकडे. खालच्या वळणावर मागची दिंडी, तिच्या पताकांच्या काठ्याही तिच्याच दिशेने झुकलेल्या. "आता माणसे बघा," तो म्हणाला. चढावर प्रत्येकजण पुढे वाकला आहे. टाळकरी वाकले, पखवाजी वाकला, मीही वाकलो. एकटी ती ताठ. तिच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आहे ना! ते डोक्यावर असताना वाकता येत नाही. सगळ्या तिरप्या रेघांमध्ये ती एकच उभी रेघ.

मी गप्प झालो. विटेवर समचरण उभ्या असलेल्या त्या सावळ्या रूपावर मी चाळीस वर्षे निरूपण केले. युगे गेली तरी न बसणारा देव श्रोत्यांना दाखवला. दिंडीत वीणेकरी पुढे आणि तुळशीवाल्या मागे, हा क्रम. मान वळवून मागे पाहायला मला कोणी मनाई केली नव्हती. पण मी पाहिले नाही.

त्या वर्षी तिचे गुडघे सुजले होते. मुक्कामी मुलीने तेल लावताना मी ऐकले होते. मी विचारले तर "काही नाही, चालते आहे की" म्हणाली. त्यानंतरची कार्तिकी तिने पाहिली नाही. फोटोत त्या दुखण्याची एकही खूण नाही. रेघ ताठ आहे. ती ताठ ठेवायला काय लागले असेल, ते मात्र आता मला दिसते.

फोटो पुन्हा भिंतीवर लावला आहे. कोणी आले तर आता मी म्हणतो, "ही आमची मंडळी. घाट चढते आहे."

परवा नातू निघाला. पाया पडला तेव्हा त्याला एवढेच सांगितले, "वीणेकऱ्याचे फोटो पुष्कळ झाले. वृंदावन घेतलेल्या माउलींचे काढ. आणि काढण्याआधी त्यांना पाणी विचार."

रामकृष्णहरि.