काचेतली आकृती

खेड तालुक्यातल्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं केलं. पण घरची चूल पेटती राहिली ती पासपोर्टच्या फोटोंवर. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरातलं कुणी आखातात गेलं नाही असं घर शोधावं लागेल. जाणारा प्रत्येक जण आधी माझ्या स्टुलावर बसायचा. चष्म्यावर चमक नको, मागे सावली नको, केस कपाळावर नकोत, हे सांगता सांगता माझे केस पिकले. 2016 साली त्याच स्टुलावर माझा धाकटा बसला आणि दोहाला गेला. घरात पाळायचे मासे विकणाऱ्या दुकानात स्टोअरकीपर म्हणून लागलो, असं त्यानं कळवलं. ईदेला इस्त्रीच्या शर्टातला त्याचा फोटो यायचा. आम्ही तो पाहुण्यांना दाखवायचो.

2019 साली रमजानच्या आधी त्याचा फोन आला. "अब्बा, अक्वेरियमचे चांगले फोटो कसे काढायचे? ज्यांच्या घरी टाकी आहे त्या साहेबांना हवेत. कॅमेरा त्यांचाच आहे." सोबत नमुन्याला एक फोटो पाठवला होता. पाहिला आणि कपाळाला हात लावला. सगळं निळंभोर, मासे म्हणजे पुसट रेघा, आणि मधोमध काचेवर भलीमोठी चमक.

खरं सांगायचं तर माशांशी माझं नातं ताटापुरतं. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं, एवढीच ओळख. आपल्याकडे 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. ते घरात पाळायचा प्रश्नच नाही. पण उजेड आणि काच या दोन गोष्टींशी माझा जन्म गेला होता. बंद पडलेल्या स्टुडिओच्या म्हाताऱ्याला कुणीतरी पुन्हा विचारलं, याचाच आनंद मोठा होता. रोज इशाची नमाज झाली की फोनवर शिकवणी सुरू व्हायची.

पहिला धडा काचेचा. बाहेरून पुसून घे. आतलं शेवाळ तासभर आधी खरवड, म्हणजे उडालेला गाळ खाली बसेल. खोलीतले सगळे दिवे बंद कर, पडदे ओढ, अंगात काळा शर्ट घाल, नाहीतर फोटोत तूच येशील. लेन्स काचेच्या अगदी जवळ आणि समोरासमोर धर. तिरका उभा राहिलास तर जाड काच आणि पाणी मिळून उजेड वाकवतात, मासा फिस्कटतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून मारू नकोस, तो काचेवर आपटून परत येतो.

दुसरा धडा माशाचा. क्लाऊनफिशसारखं चुळबुळं पोर एका जागी ठरत नाही. शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर ठेव, त्यासाठी आयएसओ वाढव; थोडे दाणे दिसले तरी चालतील, पण डोळा स्पष्ट हवा. डोळा धूसर असला तर बाकी सगळं फुकट. माशामागे कॅमेरा पळवू नकोस. त्याची फेरी ठरलेली असते. तो येणार तिथे फोकस लावून बस.

तिसरा धडा प्रवाळाचा. ते जागचं हलत नाही, पण पाण्याच्या लाटेबरोबर त्याची बोटं डोलतात. म्हणून कॅमेरा तिवईवर ठेव आणि लाटेचे पंप बंद कर. पण चार-पाच मिनिटंच, कारण वाहत्या पाण्यावरच त्या जिवाचा श्वास चालतो. निळ्या दिव्याचं कारण त्यानंच मला सांगितलं. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्या उजेडावर अन्न तयार करतं, आणि त्याच उजेडात प्रवाळ हिरवं-केशरी चमकतं. डोळ्याला ते दिसतं, कॅमेऱ्याला नुसता निळा रंग कळतो. मी म्हटलं, लेन्सपुढे केशरी-पिवळा फिल्टर लाव आणि व्हाइट बॅलन्स हातानं जुळव.

महिन्याभरात पोरानं कमाल केली. एक-एक खवला मोजावा असे मासे, अंधारात पेटलेल्या निखाऱ्यांसारखं प्रवाळ. मी ते फोटो जुम्याच्या नमाजनंतर दोस्तांना दाखवत फिरलो. "माशाल्लाह, बापाचा हात आलाय," लोक म्हणाले.

ही मात्र ते फोटो पाहून परत करायची. एका रात्री तिनं तिच्या फोनवर तो पहिला, बिघडलेला फोटो बोटांनी मोठा करून माझ्यापुढे धरला. "ह्यात आपला पोर हाय. हातात बादली हाय. तुम्हाला दिसला नाय?"

मी चष्मा लावला. त्या चमकेच्या कडेला काचेत एक आकृती होती. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर ओलं फडकं, मान बारीक झालेली. चुका शोधायला मी तो फोटो वीस वेळा पाहिला होता. मला चमक दिसली होती, पोरगा दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला सरळ विचारलं. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, दुकान बंद होऊन वर्ष झालं. आता घरोघर जाऊन टाक्या साफ करतो. खाऱ्या पाण्यानं हात फाटतात, एवढंच. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "तुम्ही लोकांना कौतुकानं सांगायचात, अब्बा."

त्या रात्री मला झोप आली नाही. आखातातून सुट्टीवर आलेली माणसं जुन्या काळी माझ्याकडे फोटो काढायला यायची. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायचो. त्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्या माणसांच्या आयांना आणि बायकांना मी काय दाखवत होतो?

हलाल कष्टाच्या कमाईत लाजण्यासारखं काही नाही, असं मी त्याला म्हणालो. हे वाक्य तीन वर्षं आधी म्हणायला हवं होतं. लाज त्यानं माझ्याकडूनच उचलली होती.

तो अजून तेच काम करतो. आता दर महिन्याला दोन फोटो येतात. एक दिवे बंद करून काढलेला, माझ्यासाठी. दुसरा दिवे लावून, त्याच्या आईसाठी. पहिल्यातल्या चुका मी अजूनही काढतो, सवय जात नाही. दुसरा आम्ही दोघं मिळून बघतो, आणि त्याची मान थोडी भरली का ते पाहतो.