‘ॲज् इट् वेअर’ आणि भाज्याच्या कमानी

इंग्रजी लेखाचें भाषांतर करतांना ‘ॲज् इट् वेअर’ हे तीन शब्द आले, कीं बहुतेकांची लेखणी डोळे मिटून ‘जणूं काय’ लिहून मोकळी होते. या सोयरिकीस आमचा आक्षेप आहे. आणि तो समजावून देण्यास भाज्याच्या चैत्यगृहासारखें दुसरें स्थळ आम्हांस सुचत नाहीं.

मळवली स्टेशनावरून निघून, पायऱ्या चढून गेलें म्हणजे विसापूरच्या डोंगरांत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेलें हें चैत्यगृह लागतें. आंतले अष्टकोनी खांब किंचित् आंत कललेले आहेत. लाकडी इमारतींत छपराचा रेटा सोसण्यास असा कल उपयोगी. अखंड कातळांत त्याची कांहींच गरज नव्हती. पाथरवटानें सुताराची रीत तशीच राखिली. वर पाहावें तर छताला लागून लाकडाच्या खऱ्या कमानी. दोन हजारांवर पावसाळे उलटले, तरी अजून जागेवर!

आतां या कमानींविषयीं एक वाक्य करूं. ‘कमानी छत पेलतात’ म्हणावें तर तें खोटें. छत म्हणजे डोंगरच, तो आपला आपण उभा आहे. ‘जणूं काय लाकडी कमानी छत पेलीत आहेत’ म्हणावें, तर संशय साऱ्या वाक्यावर पसरतो. ज्यानें भाजें पाहिलें नाहीं त्यास कमानीही दगडाच्याच वाटावयाच्या. इंग्रज लेखक मात्र ते तीन शब्द ‘पेलतात’च्या अगदीं शेजारीं ठेवील. कमानी खऱ्या, लाकूड खरें, छतही खरें. पेलणें तेवढें मानून घ्यावयाचें. यांतलें ‘वेअर’ भूतकाळाचें नव्हे, कल्पिताचें आहे, आणि त्याची सत्ता शेजारच्या शब्दापुरतीच चालते.

संस्कृतास हें अवघड नाहीं. तेथें ‘इव’ ज्याचा त्याच्या पाठीशीं बसतो. ‘धारयन्ति इव’ म्हटलें कीं काम झालें. मराठींतही ‘म्हणा ना’ आहे. ‘कमानी छत पेलतात म्हणा ना’ हें बोलण्यांत किती नेमकें बसतें! पण तें पडलें घरगुती, म्हणून विद्वान् मंडळी त्यास ओसरीवरच थांबवितात. हा सोवळेपणा आम्हांस तरी पटत नाहीं.

कलत्या खांबांना मात्र ‘जणूं काय लाकडी’ हेंच शोभतें. तेथें एक वस्तु सबंधच दुसरीच्या रूपानें उभी आहे.