जवसाचं तेल आणि रामन यांचा प्रकाश

२४ फेब्रुवारी, लालबर्रा
उतेऱ्याचा जवस काढणीला आलाय. दिवाळीच्या सुमारास उभ्या धानात, बांधीत ओल असतानाच फेकलेलं हे बी. ना नांगरणी, ना वेगळं पाणी. याच्या तेलात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३चा. व्यापारी मात्र मूठभर दाणे हातावर घेतो नि भाव सांगून मोकळा होतो.

२६ फेब्रुवारी
घाणीवाल्या काकांकडून जवसाचं आणि मोहाच्या बियांचं तेल घेतलं. पहाटेच्या गारव्यात मोहाचं थिजलं होतं, जवसाचं पातळच. कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध आला की ती वाकते. वाकलेल्या साखळ्या एकमेकींना बिलगून बसत नाहीत. लिनोलेनिकमध्ये असे तीन बंध.

२८ फेब्रुवारी, नागपूर
आज विज्ञान दिन, आणि भाचीच्या प्रयोगशाळेत रामन वर्णपटमापक! दुपारच्या उष्म्यानं मोहाचं तेलही वितळलेलं. दोन्ही थेंब पिवळे, डोळ्यांना फरक कळेना. थेंबावर लेसर सोडला. बहुतेक प्रकाश होता तसाच विखुरतो. अगदी थोडा रेणूच्या कंपनाशी देवाणघेवाण करून रंग बदलतो. पडद्यावर १६५५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दुहेरी बंधाचं शिखर, १४४० पाशी कार्बन-हायड्रोजनच्या गटांचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, की दुहेरी बंधांचं प्रमाण कळतं. जवसाचं पहिलं शिखर ताठ उभं, मोहाचं त्यापुढे बुटकं. कितीतरी वेळ मी बघतच राहिलो.

दुहेरी बंध मोजायच्या जुन्या रीतीत तेलात आयोडीनचं द्रावण घालून अंधारात ठेवायचं, बंधांनी घेऊन उरलेलं आयोडीन मोजायचं. जवसाचं आयोडीन मूल्य १७० च्या वर, मोहाचं ६० च्या आसपास. पण ही रीत टाकाऊ नाही. तिच्याच आकड्यांवर यंत्राला आधी शिकवावं लागतं.

सी. व्ही. रामन लेखा खात्यात असताना काही काळ नागपुरात होते. १९२८ मध्ये कोलकात्यात सहकारी कृष्णन यांच्यासोबत त्यांनी विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलण्याचा हा परिणाम शोधला, तेव्हा हाताशी लेसर नव्हता.

२ मार्च, लालबर्रा
काकांना कागदावरची रेघ दाखवली. ते म्हणाले, "गुरुजी, दुधाला फॅट पाहून भाव देतात. मग जवसाला का नाही?" अगदी रास्त प्रश्न. संकलन केंद्रावर असं मोजमाप व्हायलाच हवं.

मग त्यांनी विचारलं, तेल जुनं झालेलं कळेल का? हवा नि उजेड लागला की हेच दुहेरी बंध आधी तुटतात, तेव्हा शिखर उतरायला हवं. एकाच घाण्याचं तेल भरलंय: एक तपकिरी बाटली गळ्यापर्यंत, दुसरी पांढरी, अर्धी, खिडकीत. पावसाळ्याआधी दोन्ही नागपूरला न्यायच्या.